चिलर शेवटी: एनर्जीप्लसमध्ये एसी आणि हीटिंगची यंत्रणा उभी करायचा क्रम

एनर्जी मॉडेलिंग, म्हणजे इमारत वर्षभरात किती ऊर्जा खाईल याचा संगणकावरचा हिशेब, शिकणाऱ्यांचे पहिले दिवस बहुधा एकाच वाटेने जातात. इमारतीचा आकार काढून झाला की हात शिवशिवतात. लगेच यंत्रणेच्या पानावर जायचं, चिलर (पाणी गार करणारं मशीन) ओढून आणायचा, कूलिंग टॉवर (चिलरची उष्णता बाहेर टाकणारा) जोडायचा आणि रन द्यायचा. मग एररची भली मोठी यादी येते आणि ती निस्तरण्यात दोन दिवस जातात. एकदाचा रन पूर्ण होतो, वर्षाची युनिटं दिसतात, पण ती खरी की खोटी हे सांगायला हाताशी काहीच नसतं.

मीही असाच शिकलो आणि बराच वेळ वाया घालवला. आता नवीन मुलांना शिकवताना एकच क्रम धरतो: आधी खोलीचा लोड (खोलीतून काढावी लागणारी उष्णता), मग हवा, मग पाणी, शेवटी टॉवर. प्रत्येक वेळी रन देण्याआधी अपेक्षित आकडा वहीत लिहायचा. आकडा जुळल्याशिवाय पुढचा टप्पा नाही.

लेखातली उदाहरणं एनर्जीप्लसची आहेत. ते फुकट मिळतं, आणि ओपनस्टुडिओ किंवा डिझाइनबिल्डर वापरलं तरी आतलं इंजिन तेच असतं. ईक्वेस्ट किंवा आयईएसवर काम करणाऱ्यांनाही क्रम हाच लागू पडतो, फक्त बटणं वेगळी.

सरावासाठी इमारत साधी घेऊ: पुण्यातल्या ऑफिसचा मधला एक मजला, ३० मीटर बाय २० मीटर, म्हणजे ६०० चौरस मीटर. उंची ३.६ मीटर आणि बाहेरच्या भिंतींत ४० टक्के काच. बाहेरच्या भिंतींपासून साडेचार मीटर आत रेघ मारून चार बाजूंचे चार झोन आणि मधला एक, असे पाच झोन. पहिल्याच सरावाला पंचवीस केबिन आणि पॅन्ट्री काढत बसू नका.

## टप्पा १: रन देण्याआधी जमवायच्या गोष्टी

हवामान फाइल. ईपीडब्ल्यू फाइल उतरवताना तिच्यासोबतची डीडीवाय फाइलही घ्या. पहिलीत वर्षभराच्या ८७६० तासांचं हवामान असतं. दुसरीत डिझाइन-डे असतात, म्हणजे यंत्रणेचा आकार ठरवायचे कडक दिवस. बरेच जण ईपीडब्ल्यू घेतात आणि डीडीवाय विसरतात. मग सॉफ्टवेअर तक्रार करतं, किंवा नमुना फाइलमधले शिकागोचे डिझाइन-डे तसेच राहून पुण्याच्या इमारतीला शिकागोच्या हवेवरून मशीन ठरतं. हे मी एकाहून अधिक वेळा पाहिलं आहे.

समुद्रसपाटीपासूनची उंची. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब सुमारे ९४.८ किलोपास्कल, म्हणून हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. तेवढाच थंडावा पोचवायला तेवढी जास्त हवा फिरवावी लागते. स्थानाच्या नोंदीत उंची शून्य राहिली, तर पंख्याचा हिशेब सुरुवातीपासूनच कमी पडतो.

यंत्रांची कागदपत्रं. चिलरची क्षमता आणि सीओपी (दिलेला थंडावा भागिले खाल्लेली वीज) कोणत्या तापमानाला दिले आहेत, पंख्याचा एकूण दाब किती, पंपाचा हेड (पंपाने द्यायचा दाब) किती, चिलर कमी लोडवर कसा वागतो. एवढं विक्रेत्याकडून लेखी घ्या. ब्रोशरच्या पहिल्या पानावरचा मोठ्या अक्षरातला आकडा मॉडेलला पुरत नाही.

आवृत्ती. ओपनस्टुडिओची प्रत्येक आवृत्ती एनर्जीप्लसच्या ठरावीक आवृत्तीशी बांधलेली असते. मित्राकडून आलेली जुनी फाइल तशीच चालवू नका, आधी ती नव्या आवृत्तीत रूपांतरित करून घ्या.

> तपासा: हवामान फाइल, डिझाइन-डे आणि स्थानाची नोंद, तिन्हींत एकाच गावाचं नाव आहे ना?

## टप्पा २: वहीतला हिशेब

हा टप्पा सगळे गाळतात, आणि पुढचे सगळे टप्पे याच्याच जोरावर चालतात. अर्धा तास द्या.

आपल्या मजल्यावर माणशी १० चौरस मीटर धरले तर ६० माणसं. बसून काम करणारा माणूस साधारण ७५ वॅट उष्णता आणि ५५ वॅटइतका दमटपणा सोडतो, म्हणजे साडेचार किलोवॅट आणि ३.३ किलोवॅट. दिवे चौरस मीटरला ८ वॅट धरून ४.८ किलोवॅट. संगणक वगैरे १२ वॅट धरून ७.२ किलोवॅट. काच १४४ चौरस मीटर. तिचा एसएचजीसी (उन्हाच्या उष्णतेतला काचेतून आत येणारा हिस्सा) ०.२७ आणि चारही बाजूंचं सरासरी ऊन २०० वॅट धरलं तर जवळपास ८ किलोवॅट. बाहेर ३८, आत २४ आणि काचेचं यू-मूल्य (एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे आत येणारे वॅट) ३ धरलं तर वहनाने आणखी ६. भिंतींचे २ धरा.

ताजी हवा अश्रे ६२.१ (अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचं मानक) च्या रीतीने काढू. ऑफिसला माणशी २.५ लिटर प्रति सेकंद, अधिक चौरस मीटरला ०.३ लिटर. १५० अधिक १८०, म्हणजे ३३० लिटर प्रति सेकंद. ३८ अंशांवरून २४ वर आणायला सुमारे ५ किलोवॅट.

बेरीज ४१ किलोवॅटच्या आसपास. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, म्हणून साडेअकरा टन. वहीत लिहा: "एक मजला, ४१ किलोवॅट, १०–१३ टनांच्या बाहेर उत्तर आलं तर थांबायचं."

ताज्या हवेचा एक हिशेब अजून करायचा आहे, आणि तो महाराष्ट्रात फार महत्त्वाचा. मे महिन्याची ३८ अंशांची दुपार पुण्यात कोरडी असते. जूनमधला पावसाळी दिवस घ्या: ड्राय बल्ब (साध्या थर्मामीटरचं तापमान) २८, वेट बल्ब (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं, दमटपणा दाखवणारं) २४. अंगाला हा दिवस गार वाटतो, पण याच ३३० लिटर हवेतलं पाणी काढायला सात-सव्वासात किलोवॅट लागतात, आणि तापमान उतरवायला दीड. एकूण पावणेनऊ. म्हणजे कोरड्या रणरणत्या दुपारी ताज्या हवेचा लोड ५ आणि ढगाळ दिवशी पावणेनऊ! डीडीवाय फाइलमध्ये म्हणूनच ड्राय बल्बचे, वेट बल्बचे आणि एन्थाल्पीचे (हवेतली एकूण उष्णता) डिझाइन-डे वेगवेगळे असतात. शिकणारे पहिला ड्राय बल्बचा घेतात आणि बाकीचे सोडतात. पुण्यात ड्राय बल्बचा आणि वेट बल्बचा दोन्ही घ्या. मुंबई-कोकणात आणि गोव्यात तर वेट बल्बचा दिवस घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका. सॉफ्टवेअर सगळे दिवस तपासून मोठा लोड स्वतः निवडतं.

## टप्पा ३: यंत्रणेशिवाय लोड, म्हणजेच आयडियल लोड्स

आता सॉफ्टवेअर उघडा. यंत्रणा म्हणून फक्त आयडियल लोड्स द्या. हे काल्पनिक मशीन आहे. झोनला हवा तेवढा थंडावा देतं आणि वीज खात नाही. याने इमारतीची बाजू एकटी तपासता येते: भिंती, काच, माणसं, वेळापत्रक.

इथे चार ठिकाणी पाय घसरतो.

ताजी हवा आपोआप येत नाही. आयडियल लोड्सच्या नोंदीत ताज्या हवेचं स्पेसिफिकेशन जोडावं लागतं. रकाना रिकामा राहिला तर खोली वर्षभर बंद डब्यासारखी चालते. स्पेसिफिकेशनमध्येही पद्धत "माणशी प्रवाह" अशीच राहिली असेल, तर क्षेत्रफळाचा ०.३ हा आकडा भरलेला असूनही मोजला जात नाही. पद्धत "बेरीज" अशी निवडा.

दमटपणाचं नियंत्रण काही न बदलता सोडलं तर सेन्सिबल हीट रेशो ०.७ असा गृहीत धरलेला असतो. म्हणजे एकूण थंडाव्याचा ३० टक्के भाग दमटपणाचा, मग बाहेर मेची दुपार असो की जूनचा पाऊस. आपण नुकताच केलेला हिशेब सांगतो की तसं होत नाही. पुरवठा हवेची आर्द्रता स्थिर ठेवणारा पर्याय निवडा किंवा ह्युमिडिस्टॅट (आर्द्रता सांभाळणारं नियंत्रण) लावा.

आयडियल लोड्सची ऊर्जा "डिस्ट्रिक्ट कूलिंग" या खात्यात दिसते. तो थंडाव्याचा आकडा आहे. त्याला विजेची युनिटं समजून ग्राहकाला कळवू नका.

चौथी गोष्ट वेळापत्रकाची. पुष्कळ जण शेड्यूलमध्ये "कामाचे दिवस" लिहितात आणि "बाकी सगळे दिवस" म्हणून शून्य लिहितात. समर डिझाइन-डे त्या बाकीच्या दिवसांत मोडतो! मग मशीनचा आकार ठरवताना ऑफिसात माणूस नाही, दिवा नाही, संगणक नाही. वार्षिक रनमध्ये मात्र सगळे हजर. मशीन लहान पडतं आणि कारण आठवडाभर सापडत नाही. समर डिझाइन-डेची ओळ स्वतंत्र लिहा आणि तिच्यात पूर्ण हजेरी ठेवा. विंटर डिझाइन-डेला अंतर्गत उष्णता शून्य ठेवा, कारण हीटिंगचा आकार रिकाम्या, गार इमारतीवर ठरतो.

> तपासा: पाचही झोनच्या सर्वोच्च लोडची बेरीज वहीतल्या आकड्याजवळ आहे का? प्रत्येक झोनचा कळस वेगळ्या वेळी येतो, म्हणून बेरीज थोडी जास्त येईल. पूर्वेच्या झोनचा कळस सकाळी आणि पश्चिमेचा दुपारी उशिरा यायला हवा. उलट आलं तर इमारतीची उत्तर दिशा चुकली आहे.

ही फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी परत यायची जागा हीच.

## टप्पा ४: आकार ठरवणं

ऑटोसाइझ, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतः यंत्राचा आकार ठरवणं, सोयीचं आहे, पण त्याचा अर्थ समजून वापरा. ते वार्षिक हवामान पाहत नाही, फक्त डिझाइन-डे पाहतं. आलेल्या आकड्याला एक गुणक लावतं, जो न बदलल्यास कूलिंगला १.१५ आणि हीटिंगला १.२५ असतो. ठेकेदाराने दिलेल्या लोडमध्ये त्याची स्वतःची वाढ असते, वर हा गुणक, वर चिलरच्या नोंदीतला आणखी एक. तिन्ही एकमेकांना गुणत जातात आणि मशीन वर्षभर अर्ध्या लोडवर रखडत चालतं.

शिकताना सगळं ऑटोसाइझवर ठेवा. इमारतीत यंत्र खरोखर बसलेलं असेल किंवा निवडून झालं असेल, तर शेवटच्या टप्प्यात त्याचे कॅटलॉगमधले आकडे भरा. मधेच निम्मे आकडे हाताने आणि निम्मे ऑटो असं करू नका. कॉइल (हवा गार किंवा गरम करणारी नळ्यांची जाळी) हाताने भरलेली आणि पाण्याचा प्रवाह ऑटोवर, अशा जोड्या एकमेकांशी पटत नाहीत.

दहा मजली इमारतीसाठी दहा मजले काढायची गरज नाही. मधला मजला एकदाच काढून त्याला झोन मल्टिप्लायर ८ द्या. मात्र तळमजला आणि गच्चीखालचा मजला वेगळे काढा, कारण एकाला जमीन लागते आणि दुसऱ्याला ऊन.

## टप्पा ५: एक झोन, एक मशीन

आता पहिलं खरं यंत्र. पश्चिमेच्या झोनचं आयडियल लोड्स काढा आणि तिथे साधा डीएक्स एसी (पाण्याविना, थेट रेफ्रिजरंटने हवा गार करणारा) बसवा. बाकीचे चार झोन आयडियलवरच राहू द्या. स्प्लिट एसीसाठी बहुधा पीटीएसी हे ऑब्जेक्ट वापरतात. ते मुळात भिंतीतून ताजी हवा घेणारं यंत्र आहे, आपला स्प्लिट तशी हवा घेत नाही. म्हणून ताज्या हवेचे तिन्ही प्रवाह शून्य करा: कूलिंग चालू असतानाचा, हीटिंग चालू असतानाचा आणि दोन्ही बंद असतानाचा.

सीओपीच्या रकान्यात स्टार लेबलवरचा आयसीअर भरणं ही आपल्याकडची सर्वांत पसरलेली चूक. आयसीअर हा हंगामी निर्देशांक आहे. बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांच्या निरनिराळ्या टप्प्यांत १६०० तास धरून तो काढलेला असतो. इन्व्हर्टर मशीन कमी लोडवर किती बरं चालतं हे त्यात आधीच मिसळलेलं आहे. सॉफ्टवेअरला हवा असतो बाहेर ३५ अंश असताना पूर्ण क्षमतेवरचा सीओपी, तोही आतल्या पंख्याची वीज वगळून. बदलत्या तापमानाचा आणि कमी लोडचा परिणाम ते यंत्राच्या कामगिरीच्या वक्रांवरून स्वतः मोजतं. आयसीअर ५ थेट भरलात की तोच फायदा दोनदा मोजला जातो आणि बिल कागदावर छान कमी दिसतं. पूर्ण क्षमता आणि त्या वेळची वीज हे दोन आकडे चाचणी अहवालातून घ्या, विजेतून पंख्याची वीज वजा करा, पंख्याची उष्णता क्षमतेत परत मिळवा आणि मग भागाकार करा.

> तपासा: त्या झोनचं तापमान तासागणिक काढा. ऑफिसच्या वेळेत २४ च्या जवळ राहतं का, आणि सुटीनंतर सोमवारी सकाळी किती वेळात खाली येतं, हे पाहा.

## टप्पा ६: हवेचा मार्ग

एका झोनचं जमलं की सगळ्या मजल्यासाठी एएचयू (हवा गार करून डक्टमधून पाठवणारं युनिट) आणि व्हीएव्ही (झोनच्या गरजेनुसार हवा कमी-जास्त सोडणारे बॉक्स). पुरवठ्याच्या बाजूचा क्रम असा: परतीची हवा, ताज्या हवेशी मिश्रण, कूलिंग कॉइल, पुढे पंखा, मग डक्ट. कागदावर हाच क्रम बाणांनी काढा आणि प्रत्येक सांध्यावर अपेक्षित तापमान लिहा. माझ्या अनुभवात या एका चित्राने एररची यादी जेवढी आखडते तेवढी दुसऱ्या कशानेही नाही.

आपल्या मजल्यासाठी चित्र असं येईल. बाहेरची हवा ३८, परतीची २५, मिश्रण २७ च्या आत, पुरवठा १३. खोलीतला उष्णतेचा लोड सुमारे ३२ किलोवॅट आणि तापमानातला फरक ११ अंश. पुण्याच्या हवेत त्यासाठी साधारण २.५ घनमीटर प्रति सेकंद हवा लागते. पंख्याचा दाब ६०० पास्कल आणि एकूण कार्यक्षमता ०.६ धरली तर वीज २.५ गुणिले ६०० भागिले ०.६, म्हणजे अडीच किलोवॅट. हा पंखा कॉइलच्या पुढे आहे, म्हणून त्याची उष्णता थंड झालेल्या हवेत मिसळते. त्यामुळे कॉइलमधून हवा १३ पेक्षा थोडी गार बाहेर पडायला हवी. मिक्स्ड-एअर सेटपॉइंट मॅनेजर (कुठे किती तापमान हवं ते सांगणारी नोंद) हा फरक सांभाळतो, पण पंख्याच्या आधीचा आणि नंतरचा नोड, म्हणजे मॉडेलमधला सांधा, त्याला बरोबर दाखवावा लागतो. नोडची अदलाबदल झाली तर एरर येत नाही, फक्त तापमान चुकतं.

रात्रीची ताजी हवा बंद आहे का, हेही पाहा. रात्री खोली तापली की नाइट-सायकल पंखा सुरू करते. ताज्या हवेच्या किमान प्रवाहाचं शेड्यूल चोवीस तास चालू असेल, तर रात्रभर रिकाम्या ऑफिसात दमट हवा ओढून तिचं पाणी काढत बसतं.

आता ज्या गोष्टीने बहुतेकांची गल्लत होते ती. पुणे-मुंबईच्या मॉडेलमध्ये वार्षिक अहवालात हीटिंगची मोठी ऊर्जा दिसते. लोक तो आकडा झाकतात किंवा हवामान फाइलला दोष देतात. कारण व्हीएव्ही बॉक्समध्ये असतं. नमुना टेम्पलेट रीहीटसह येतात. बॉक्स किमान ३० टक्के हवा सोडतोच, ती १३ अंशांची असते, आणि माणसं कमी असलेल्या झोनमध्ये तेवढ्यानेही खोली हीटिंगच्या सेटपॉइंटखाली जाते. मग रीहीट कॉइल तीच हवा पुन्हा तापवते. आधी गार करायला वीज, मग गरम करायला वीज. खऱ्या इमारतीत रीहीट नसेल तर रीहीटविना बॉक्स निवडा. असेल तर किमान प्रवाह ताज्या हवेच्या गरजेइतका खाली आणा आणि हीटिंगचा सेटपॉइंट कूलिंगपासून पुरेसा दूर ठेवा. २४ आणि २३ अशी जोडी लावली तर दोन्ही यंत्रणा एकमेकींशी भांडत राहतात.

> तपासा: मे महिन्यातल्या एका दुपारी मिश्रण, कॉइलनंतर आणि पंख्यानंतर अशा तीन नोडची तापमानं काढा. चित्रावर लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा.

## टप्पा ७: थंड पाण्याचा लूप

आता चिलर. आपल्या मजल्यासारखे दहा मजले धरू, म्हणजे साधारण ४०० किलोवॅट किंवा ११४ टन. पाणी ७ अंशांना जाऊन १२ ला परत येत असेल तर प्रवाह ४०० भागिले (४.१९ गुणिले ५), म्हणजे सेकंदाला १९ लिटर.

लूप म्हणजे पाणी फिरत राहणारा बंद मार्ग. त्याला दोन बाजू असतात. पुरवठ्याच्या बाजूला पंप, चिलर आणि बायपास पाइप. मागणीच्या बाजूला कॉइल आणि तिथलाही बायपास. पुरवठ्याच्या शेवटच्या नोडवर सेटपॉइंट मॅनेजर हवाच. तो नसेल तर चिलरला कुठवर गार करायचं हे कळत नाही.

लूपच्या सायझिंगच्या नोंदीत एक तापमान असतं आणि सेटपॉइंटच्या शेड्यूलमध्ये दुसरं. ते सारखं असायला हवं. कॉइलचा आकार ७ अंशांच्या पाण्यावर ठरला आणि प्रत्यक्षात १० चं पाणी सोडलं, तर कॉइल कमी पडते, खोल्या तापतात आणि लोक चिलर मोठा करायला धावतात. चिलरचा काही दोष नसतो.

पंपाचा हेड न बदलल्यास १,७९,३५२ पास्कल असतो, म्हणजे ६० फूट. १९ लिटरला साधारण पाच किलोवॅट. तुमच्या इमारतीत तेवढा हेड आहे का हे पाइपच्या आराखड्यावरून ठरवा. पंप "कंटिन्युअस"वर असेल तर लोड नसतानाही शेड्यूलभर चालतो, "इंटरमिटंट"वर लोड आला की चालतो. वर्षाच्या शेवटी हा फरक डोळ्यांत भरतो.

चिलरचं वागणं तीन वक्रांत असतं: तापमानानुसार क्षमता, तापमानानुसार वीज, आणि कमी लोडवर वीज. पहिले दोन ज्या तापमानाला क्षमता दिली आहे तिथे १.० द्यायला हवेत. कॅल्क्युलेटर घेऊन ते तापमान समीकरणात भरा. १.१२ आलं तर तुमचा चिलर कागदावरच्यापेक्षा १२ टक्के मोठा चालतो आहे. सहसा झालेलं असं असतं की वक्र एका चिलरचे आणि क्षमता दुसऱ्याची, किंवा वक्र कंडेन्सरमधून (चिलरचा उष्णता सोडणारा भाग) बाहेर पडणाऱ्या पाण्यावर आधारलेले आणि मॉडेल आत येणारं पाणी मागणारं. एनर्जीप्लसमध्ये ईआयआर आणि रिफॉर्म्युलेटेड ईआयआर असे दोन चिलर आहेत, त्यांचे वक्र अदलाबदल करून चालत नाहीत.

टन आणि सीओपीचा गोंधळ टाळायला एक सूत्र भिंतीवर लावा: टनामागे किलोवॅट म्हणजे ३.५१७ भागिले सीओपी. सीओपी ५ म्हणजे टनाला ०.७० किलोवॅट. आपल्या ४०० किलोवॅटला चिलरची वीज ८० किलोवॅट.

> सावधान: दहा मजले मल्टिप्लायरने केले असतील तर चिलरवरचा लोड दहापट आला का ते पाहा. एका मजल्याचाच दिसत असेल तर मल्टिप्लायर चुकीच्या जागी आहे.

## टप्पा ८: कंडेन्सरचं पाणी आणि टॉवर

चिलर जे उचलतो त्यात त्याची स्वतःची वीज मिळवून टॉवरला बाहेर टाकावं लागतं: ४०० अधिक ८०, ४८० किलोवॅट.

टॉवरचा डिझाइन वेट बल्ब न भरल्यास २५.६ अंश धरला जातो. मुंबईच्या आणि कोकणच्या पावसाळ्यात वेट बल्ब याच्या वर जातो. तरीही कंडेन्सरच्या पाण्याचा सेटपॉइंट २९.४ असा पक्का ठेवला, तर टॉवर ते गाठू शकत नाही आणि त्याचा पंखा सतत पूर्ण वेगाने फिरत राहतो. डिझाइन वेट बल्ब आपल्या डीडीवायमधून घ्या, आणि सेटपॉइंट बाहेरच्या वेट बल्बच्या तीन-चार अंश वर राहील असा मॅनेजर लावा. किमान मर्यादाही द्या, नाहीतर डिसेंबरच्या पहाटे चिलरला सोसणार नाही इतकं गार पाणी जातं.

आपल्या भागात पाण्याचा हिशेबही मॉडेलकडून जरूर मागा. ४८० किलोवॅट पूर्णपणे बाष्पीभवनाने गेले तर तासाला सुमारे ७०० लिटर पाणी उडतं. सायकल चार धरली, म्हणजे क्षार चौपट होईपर्यंत तेच पाणी फिरवलं, तर आणखी एक तृतीयांश सोडून द्यावं लागतं. टँकरवर चालणाऱ्या इमारतीत एअर-कूल्ड की वॉटर-कूल्ड हा निर्णय वीज आणि पाणी दोन्ही मांडूनच घ्यावा, आणि मॉडेल दोन्ही सांगू शकतं.

## टप्पा ९: हीटिंग, लागत असेल तर

महाराष्ट्रातल्या ऑफिसला हा टप्पा सहसा लागत नाही. पण पुण्या-मुंबईत बसून इंग्लंड-अमेरिकेतल्या इमारतींची मॉडेलं करणारे आपले बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

गरम पाण्याचा लूप टेम्पलेटमध्ये ८२ अंशांवर असतो. त्यावर कंडेन्सिंग बॉयलर ठेवून कार्यक्षमता ०.९५ भरतात. परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आल्याशिवाय धुरातलं पाणी बॉयलरमध्ये जमतच नाही, म्हणून ती कार्यक्षमता मिळत नाही. एकतर लूपचं तापमान उतरवा आणि कॉइल त्यानुसार मोठ्या घ्या, नाहीतर साध्या बॉयलरची कार्यक्षमता भरा.

हीट पंप असेल तर कॉम्प्रेसर बंद पडायचं बाहेरचं तापमान पाहा. न बदलल्यास ते उणे ८ असतं. त्याखाली सगळा भार पूरक विद्युत हीटरवर जातो. कॅटलॉगप्रमाणे यंत्र उणे १५ पर्यंत चालत असेल आणि रकाना तसाच राहिला, तर चांगल्या यंत्रावर नाहक ठपका येतो.

## टप्पा १०: एरर आणि निकाल वाचणं

एररची फाइल वरून खाली वाचा. फेटल (रन थांबवणारा एरर) शेवटी येतो, पण मूळ कारण बहुधा पहिल्या सिव्हिअरमध्ये (गंभीर एरर) असतं. ते एक दुरुस्त करून पुन्हा रन द्या, खालचे वीस आपोआप जातात. वॉर्निंग सगळ्या घालवायच्या नसतात, पण प्रत्येक एकदा वाचायची असते.

मग अनमेट तास. खोली सेटपॉइंट गाठू शकली नाही असे तास अश्रे ९०.१ च्या परिशिष्ट जी मध्ये वर्षाला ३०० पर्यंत चालतात. जास्त असतील तर चिलर वाढवू नका. आधी कोणता झोन, कोणता महिना, कोणता तास ते काढा. एकाच झोनमध्ये असतील तर त्या बॉक्सचा प्रवाह पाहा. सगळीकडे सोमवारी सकाळीच असतील तर यंत्रणा उशिरा सुरू होते, शेड्यूल तासभर आधी आणा. सगळे तास पावसाळ्यात असतील तर वेट बल्बचा डिझाइन-डे राहिला आहे.

शेवटी एक परीक्षा घ्या. थर्मोस्टॅट २४ वरून २५ करा, पण रन द्यायच्या आधी वहीत लिहा: चिलरची वीज कमी होईल, पंख्याची कमी होईल, दिव्यांची तेवढीच राहील. दिव्यांची बदलली तर दोन फाइलींमध्ये आणखी काहीतरी वेगळं आहे. पंख्याची हललीच नाही तर तुमचा व्हीएव्ही एकाच वेगाने चालतो आहे. आणि चिलरची वीज जेमतेम उतरली, तर टप्पा ६ वर परत जा: रीहीट अजून चालू आहे.